अल्बममधले चेहरे मेणाचे का दिसतात, आणि त्यावर काय करायचं

लग्नाच्या अल्बमबद्दल तक्रार ठरलेली असते. रिटच करताना, म्हणजे फोटोतली त्वचा नीटनेटकी करताना, स्क्रीनवर चेहरा छान वाटतो, डिझाइन होतं, अल्बम छापून येतो, आणि पहिलं पान उघडल्यावर नवरीची आई म्हणते, "फोटो छान आलाय, पण ही आमची पोर वाटत नाही." गाल गुळगुळीत, कपाळ चकचकीत, नाकाला उठाव नाही आणि मान मात्र जशीच्या तशी. पुढच्या लग्नात ठरवून हात आखडता घेतला जातो, तरी अल्बम आल्यावर बोलणं तेच.

यावर कुणालाही विचारलं की सल्ला मिळतो, "स्मूथिंग (त्वचा गुळगुळीत करणं) कमी कर." त्याने फारसं साधत नाही. त्वचेत दोन वेगळ्या गोष्टी असतात, पोत आणि छटा. रंध्रं, बारीक लव, पुटकुळीचा उंचवटा, ओठावरच्या रेघा हा पोत. कुठे लालसर, कुठे काळपट, डोळ्याखाली निळसर, हनुवटीखाली सावली ही छटा. पुटकुळी ही पोताची तक्रार, वांग ही छटेची. चेहरा मेणाचा होतो तो बहुतेक वेळा छटेची तक्रार मिटवायला पोत पुसल्यामुळे. मग ते २० टक्के पुसा नाही तर ६० टक्के, चुकीच्याच जागी पुसलेलं असतं.

रंध्रं नेमकी कुठे गेली?

रिटच केलेली फाइल आणि कॅमेऱ्यातली रॉ (मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल शेजारी शेजारी उघडा. दोन्ही १०० टक्क्यांवर, गालाचा तोच तुकडा. रॉमध्ये रंध्रं दिसतात आणि तुमच्या फाइलमध्ये नाहीत, तर ती एडिटिंगमध्ये गेली. रॉमध्येच नसतील तर फोटोशॉपला दोष देऊन उपयोग नाही.

मुहूर्ताला हॉलमध्ये उजेड कमी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर, आणि लाइटरूममध्ये दाणा पुसणाऱ्या नॉइज रिडक्शनचा ल्युमिनन्स ५० च्या पुढे ओढलेला, हे अगदी नेहमीचं. निम्मा पोत तिथेच जातो आणि त्यावर पुन्हा स्मूथिंग बसतं. ल्युमिनन्स १५-२० वर ठेवा, थोडा दाणा राहू द्या. अल्बमच्या कागदावर तो शोधूनही सापडत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये एप्रिल २०२३ पासून एआय डिनॉइज आहे. तो पोत बराच राखतो, पण तो रॉ फाइलवर आणि सगळ्यात आधी चालवायचा.

हळदीचे, मेहंदीचे फोटो घरच्यांच्या फोनवरून आलेले असतात. त्यात ब्यूटी मोड बहुधा चालू असतो आणि तो कुणी लावलाय हे लावणाऱ्यालाही माहीत नसतं. हे चेहरे आधीच घोटलेले असतात, त्यांच्यावर आणखी काही करू नका. उलट लाइटरूमच्या इफेक्ट्समधला ग्रेन १५-२० टाका, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोटोंशेजारी ते पान वेगळं पडत नाही. आणि ८५ मिमीची लेन्स एफ १.४ ला उघडून जवळून काढलेला फोटो असेल तर पापणी फोकसमध्ये आणि गाल बाहेर, असं होतंच. तिथे रंध्रं शोधत बसू नये.

किती जवळून बघता?

अल्बमची उघडी शीट १२×३६ इंचांची. ३०० डीपीआयला ती होते ३६०० × १०,८०० पिक्सेल. कुटुंबाच्या ग्रुप फोटोत एकेक चेहरा जेमतेम इंचभर, म्हणजे ३०० पिक्सेल. मोठ्या पोर्ट्रेटमध्येही चेहरा तीन-चार इंचांचा, म्हणजे ९०० ते १२०० पिक्सेल. एवढ्या चेहऱ्यावर २०० टक्के झूम करून एकेक रंध्र साफ करणं म्हणजे वेळही वाया आणि चेहराही. त्या झूमला प्रत्येक त्वचा खराबच दिसते, अगदी लहान मुलाचीसुद्धा.

डाग-पुटकुळ्या १०० टक्क्यांवर काढा आणि छटा नेहमी पूर्ण फोटो स्क्रीनवर दिसत असताना दुरुस्त करा. फोटोशॉपमध्ये विंडो मेन्यूत अरेंजखाली त्याच फाइलची न्यू विंडो उघडता येते. एका खिडकीत १०० टक्के, दुसरीत पूर्ण फोटो. काम पहिलीत करायचं, नजर दुसरीवर ठेवायची. ही एक सवय लागली की कुठे थांबायचं ते आपोआप कळायला लागतं, आणि मला तरी ती त्वचा आपोआप गुळगुळीत करणाऱ्या कुठल्याही प्लगइनपेक्षा मोलाची वाटते.

हीलिंग (शेजारच्या त्वचेच्या नमुन्याने डाग झाकणं) फोटोच्या वरच्या रिकाम्या लेयरवर, म्हणजे थरावर, करा, सॅम्पलला "करंट अँड बिलो" ठेवा, म्हणजे खालचा फोटो शाबूत राहतो. नमुना घ्यायचा तो त्याच गालावरून, डागाच्या अगदी शेजारून. नाकावरची रंध्रं मोठी असतात, डोळ्याखालची त्वचा पातळ आणि बारीक. गालाची त्वचा उचलून डोळ्याखाली लावली की काळं वर्तुळ जातं, पण डोळा कुणा दुसऱ्याचा वाटतो.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन वापरूनही मेणच?

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पोत आणि छटा वेगळं करायलाच तर ही पद्धत आहे, मग तरी चेहरा प्लास्टिकचा का?

पद्धत सगळ्यांना माहीत असते, तरी एकदा तपासून घ्या. फोटोच्या दोन प्रती. खालच्या प्रतीवर गॉशियन ब्लर, म्हणजे ती धूसर करायची. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज, लेयर म्हणून खालची प्रत निवडून. फाइल ८ बिटची असेल तर सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटची असेल तर इन्व्हर्टवर टिक, ॲड, स्केल २, ऑफसेट ०. मग वरच्या लेयरचा मोड लिनिअर लाइट. दोन्ही लेयर चालू असताना फोटो मूळ फोटोसारखा हुबेहूब दिसलाच पाहिजे. जरा जरी काँट्रास्ट वाढलेला वाटला तर अप्लाय इमेजमधला एखादा आकडा चुकलेला असतो. पुढचं सगळं त्या पायावर उभं राहतं, म्हणून हे आधी बघा.

आता मेण कुठून येतं ते. समजा तुम्ही वेगळं करताना ब्लर ४ पिक्सेलचा ठेवला. वरच्या लेयरवर ४ पिक्सेलपर्यंतचा बारीक पोत गेला. मग खालच्या लेयरवर लॅसोने गाल निवडून २५ पिक्सेलचा ब्लर मारला, कारण गालावरची लाली जात नव्हती. त्या ४ आणि २५ च्या मधलं जे काही होतं, म्हणजे गालाचे बारीक चढउतार, हसल्यावर पडणारी हलकी घडी, नाकपुडीशेजारचा खोलगटपणा, ते सगळं गेलं. वर रंध्रं आहेत, खाली सपाट रंग आहे, मधलं काहीच नाही. सनमायकावर लाकडाच्या रेघा छापलेल्या असतात ना, तसं दिसतं ते. रंध्रं असूनही त्वचा खोटी दिसण्याचं कारण हेच, आणि म्हणूनच "पण माझ्या फोटोत पोर्स आहेत की" या बचावात दम नसतो.

उपाय असा. वेगळं करताना ब्लर एवढाच वाढवत न्या की रंध्रं नुकतीच दिसेनाशी होतात, पण डोळा, नाक, ओठ कुठे आहेत ते ओळखू येतं. २४ मेगापिक्सेलच्या, चेहऱ्याने फ्रेम भरलेल्या फोटोत तो साधारण ६ ते १० च्या आसपास येतो. पूर्ण उभ्या फोटोतला चेहरा असेल तर २-३ सुद्धा पुरे. नेहमी ८ ठेवणारी ॲक्शन (आपोआप चालणारी पायऱ्यांची नोंद) बनवून सगळ्या अल्बमवर चालवली की अर्धे चेहरे बिघडणारच. खालच्या लेयरवर ब्लर मारायचाच असेल तर छोट्या निवडीवर, फेदर देऊन (कड मऊ करून), आणि जबड्याची कड, ओठ, नाकपुडी, केसांची रेघ यांच्यापैकी काहीही निवडीत न घेता. कड ओलांडली की मानेची सावली गालात उतरते आणि मळलेला डाग पडतो.

खरं सांगायचं तर खालच्या लेयरवर ब्लर न मारता तिथे डॉज अँड बर्न (ठिकठिकाणी उजळ-गडद करणं) केलेलं बरं. दोन कर्व्ह्ज लेयर घ्या, एक उजळ करणारा, एक गडद करणारा, दोघांचे मास्क काळे, म्हणजे लेयर आधी पूर्ण झाकलेला आणि पांढरा ब्रश फिरवाल तेवढाच उघडणारा. मऊ पांढरा ब्रश, फ्लो १-२ टक्के. वर तात्पुरता एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर आणि जरा गडद कर्व्ह ठेवला की गालावरचे काळे-पांढरे ठिपके उठून दिसतात. गडद ठिपका उजळ करायचा, फार उजळ ठिपका दाबायचा, ब्रशचा आकार ठिपक्याएवढाच. पोताला हातही लागत नाही, कारण तुम्ही फक्त उजेड हलवताय. उजळलेली जागा फिकी पडली तर वर कलर मोडचा रिकामा लेयर ठेवा, शेजारच्या त्वचेचा रंग उचला आणि १० टक्क्यांनी फिरवा.

वेळ लागतो, हे उघड आहे. तीनशे फोटोंच्या अल्बमला हे परवडत नाही आणि करूही नये. कव्हर, नवरा-नवरीचे सोलो, कॅनव्हासला जाणारा फोटो, एवढ्यांवर करा. बाकीच्यांना फक्त पुटकुळ्यांचं हीलिंग आणि लाइटरूममध्ये फेस स्किनचा मास्क लावून टेक्स्चर उणे १० ते १५. हा स्लायडर मे २०१९ मध्ये आला आणि मुळात त्वचा मऊ करण्यासाठीच तो बनवायला घेतला होता, त्यामुळे तो बारीक पोत बराच सोडून देतो. क्लॅरिटी उणे करू नका. तिने चेहऱ्यावर धुकं येतं, आणि ते धुकं नव्वदच्या दशकातल्या स्टुडिओ पोर्ट्रेटची आठवण करून देतं, तेही चांगल्या अर्थाने नाही.

प्लगइन वापरत असाल तर वापरा, माझं त्याच्याशी वैर नाही. फक्त वेगळ्या लेयरवर चालवा, मास्क काळा करा, जिथे गरज आहे तिथेच उघडा आणि ऑपॅसिटी (लेयरचा ठळकपणा) ४०-५० च्या वर नेऊ नका. आणि रिटचचे सगळे लेयर एका ग्रुपमध्ये ठेवा. चहा पिऊन या, ग्रुपची ऑपॅसिटी शून्यावर नेऊन हळूहळू वाढवत आणा, जिथे "झालं" वाटेल तिथे सोडा. तो आकडा फार वेळा ६०-७० च्या आसपास निघतो.

"दादा, जरा गोरं करून द्या"

याचा बंदोबस्त केल्याशिवाय वरचं सगळं वाया. ही मागणी आली की हात आपोआप ऑरेंज ल्युमिनन्सकडे, म्हणजे नारिंगी रंग उजळ करणाऱ्या स्लायडरकडे, जातो. आपल्याकडची त्वचा बहुतेक नारिंगीतच बसते, पण जरीचं काम, मेहंदी, हळद, झेंडूसुद्धा त्याच परिसरात बसतात. नारिंगी ३० ने उजळलं की लाल तिथेच राहतो, आणि गालावर लाली असलेल्या जागी किनार पडते. त्वचा खडूसारखी होते आणि मग ते डाग झाकायला पुन्हा स्मूथिंग. मेणाचा कारखाना असा चालू होतो.

सावळ्या त्वचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्या दाखवतात, सावळ्या चेहऱ्याचा आकार चमक दाखवते. कपाळावरची, गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक हाच त्या चेहऱ्याचा उठाव असतो. "तेलकट दिसतंय" म्हणून ती सगळी काढली आणि सावल्या वर ओढल्या की चेहरा राखाडी आणि चपटा होतो. चमक निम्मी करा, तिच्या कडा मऊ करा, पण ती ठेवा.

लोक "गोरं" म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना फोटो अंधारा वाटलेला असतो. मागे स्टेजवरची एलईडी वॉल, शेजारी नवऱ्याची पांढरी शेरवानी, त्यात कॅमेऱ्याने एक्स्पोजर कमी धरलेलं आणि नवरीचा चेहरा दबलेला. चेहऱ्यावर मऊ मास्क लावून एक्स्पोजर ०.३ ते ०.५ वाढवा आणि मागची वॉल थोडी खाली आणा. रंगाला हात न लावता तो फोटो आधी दाखवा. "हां, आता बरोबर" हे उत्तर फार वेळा इथेच मिळतं. आणि तरीही कुणी अडून बसलं, तर चेहऱ्याबरोबर मान, कान, हात, दंड सगळंच उजळावं लागतं, नाही तर मुखवटा दिसतो, हे मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवा. मी स्वतः तिथे नाही म्हणतो. ज्याचं त्याने ठरवावं.

हळद, नथ, मुंडावळ्या

आपल्या लग्नातली खास अडचण म्हणजे हळद. आदल्या दिवशीची हळद हातांना, मानेला पिवळा रंग सोडते, आणि चेहऱ्यावर त्यावरून गुलाबी झाक असलेला मेकअप. नवरी हात गालाशी नेऊन पोज देते तेव्हा दोन माणसांची त्वचा एका फ्रेममध्ये आल्यासारखी दिसते. चेहरा पिवळा करू नका. हाताचा आणि मानेचा मास्क करून पिवळ्याचा ह्यू (रंगाची जात) नारिंगीकडे सरकवा, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) १०-१५ कमी करा. मेहंदी मास्कमधून वगळा, नाहीतर तीही फिकी पडेल.

डोळ्यावर भरवसा नसेल तर फोटोशॉपचं इन्फो पॅलेट एचएसबीवर (ह्यू, सॅच्युरेशन, ब्राइटनेस) ठेवा आणि कलर सॅम्पलरने कपाळ, गाल, मान, हाताची पाठ असे बिंदू लावा. त्वचेचा ह्यू साधारण १५ ते ३० अंशांत असतो. चेहरा १८ आणि हात ३४ दिसला की काय बिघडलंय ते कळलं. दोघांमध्ये पाच-सात अंशांचा फरक चालतो, कारण खऱ्या माणसातही तो असतोच. जांभळ्या एलईडीत सापडलेल्या चेहऱ्याला मात्र हे आकडे लावत बसू नका. तिथे सॅच्युरेशन उतरवून, कलर मोडमध्ये २०-३० टक्के त्वचेचा रंग देऊन जेवढं सुधारेल तेवढंच सुधारायचं.

आता नथ. नाकाच्या शेजारची पुटकुळी काढताना स्पॉट हीलिंगला मोत्याची कड सापडते आणि गालावर पांढरट फराटा उमटतो. तिथे आधी नथीची निवड करून ती निवड उलटी करा आणि मग साधा हीलिंग ब्रश वापरा. नथीची वरच्या ओठावर पडलेली सावली डाग समजून काढू नका. ती काढली की नथ चिकटवल्यासारखी दिसते. मुंडावळ्यांची तार कपाळावरून जाते. कपाळाला मास्क लावताना ती आत आली की तिची धार जाते आणि कपाळ ब्लर केलंय हे कुणालाही कळतं. चंद्रकोरीची कड, भुवया, केसांची बारीक रेघ, सगळ्यांना तोच नियम.

काय ठेवायचं

मच्छर चावल्याचा फोड, दाढी करताना लागलेलं, लग्नाच्या ताणाने आलेली पुटकुळी हे आठवड्यात जाणारं आहे, काढा. तीळ, जन्मखूण, जुना व्रण हे माणसाबरोबर राहणारं आहे, विचारल्याशिवाय हात लावू नका. हनुवटीवरचा तीळ गायब झाल्यावर होणारं भांडण मेणाच्या गालापेक्षा मोठं असतं.

आजींच्या फोटोत तर एआयवाली साधनं हमखास घोळ घालतात. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण त्यांना डाग वाटतो. देवीचे व्रण त्यांना खराब पोत वाटतो. सुरकुत्या काढायच्या तर वेगळ्या लेयरवर पूर्ण काढा आणि त्या लेयरची ऑपॅसिटी ३० वर आणा, सुरकुती राहते, तिची खोली कमी होते. डोळ्याखालच्या पिशव्यांना ४०-५०. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा करू नका, फक्त लाली कमी करा. दातांचं तेच, पिवळ्याचं सॅच्युरेशन उतरवा, उजेड वाढवू नका.

पासपोर्टच्या फोटोत तर काहीच करू नका. सॉफ्टवेअरने बदललेला फोटो तिथे चालत नाही आणि पुन्हा खेप घालावी लागते ती गिऱ्हाइकाला.

एवढं करूनही छापून मेणच आलं तर

आधी बघा, मंजुरीसाठी फोटो कसे पाठवलेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि बारीक पोत जातो. घरच्यांनी फोनवर जो गुळगुळीत चेहरा पसंत केला तो तुमच्या फाइलमध्ये नव्हताच, आणि "फोनवर होतं तसं करा" म्हणून तुम्ही आणखी पुसता. मंजुरीचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग लॅब. काही लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक फाइलवर आपोआप करेक्शन चालतं, त्यात शार्पनिंग असतं, कधी त्वचेचं स्मूथिंगही. ऑर्डर देतानाच "करेक्शन नको" असं लिहून द्या आणि फाइल लॅबने सांगितलेल्या कलर प्रोफाइलमध्ये, बहुतेक ठिकाणी एसआरजीबीत, पाठवा. पूर्ण अल्बम छापण्याआधी कव्हरच्या चेहऱ्याचा एक ८×१२ प्रिंट त्याच कागदावर काढून घ्या, दिवसाच्या उजेडात खिडकीशी बघा. फाइलमध्ये रंध्रं आहेत आणि प्रिंटमध्ये नाहीत, तर फाइल आणि प्रिंट दोन्ही घेऊन लॅबवाल्याकडे जा आणि करेक्शन बंद करून तोच प्रिंट तुमच्यासमोर पुन्हा काढायला सांगा.